गप्प बसलेलं रक्त

माझी धाकटी नणंद म्हणजे एक नंबरची शंकेखोर. चहात साखर घातली म्हटलं तरी चाखून बघणार. आम्ही तिला 'खातरजमा' म्हणतो, तेही तोंडावर. ती प्रयोगशाळेत औषधांच्या ॲलर्जीच्या तपासण्या करते. औषध माणसाला टोचण्याआधी त्याच्या रक्ताच्या थेंबात घालून बघायचं. रक्तातल्या पेशी चवताळल्या, तर ते औषध त्याला वर्ज्य. मला एवढंच कळतं, बाकी तिचं तिला माहीत.

सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला टेबलावर घेतलं, लागोपाठ तीन इंजेक्शनं दिली आणि त्यांचा श्वासच अडकला. कशाबशा वाचल्या, पोट न उघडताच घरी आल्या. तिन्हींपैकी दगा कुणी दिला, ते कुणाला सांगता येईना. ते कळल्याशिवाय पुन्हा टेबलावर घेणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि गाठ तशीच ठेवणं म्हणजेही तेच. सर्जननी नवी तारीख दिली. ही तपासणी करणारी इथे नणंदच, म्हणून आईचं रक्तही तिच्याच हाती आलं.

तिन्ही औषधांना रक्त गप्प. मी सुटकेचा श्वास टाकला, तर ही फोनवर म्हणते, "रिपोर्टवर सही नाही करणार."

"का गं? चांगलंच आलंय ना?"

"वहिनी, प्रत्येक रक्ताला मी मुद्दाम डिवचणारा एक थेंब देते. त्याला रक्त उसळायलाच हवं. आईचं त्यालाही उसळलं नाही. चिमटा काढल्यावरही जो हूं की चूं करत नाही, त्याला दुखत नाही असं कसं म्हणू?"

ती तडक घरी आली आणि आईसमोर बसली. "आई, कुठली गोळी घेतलीस?"

सासूबाईंनी उशीखालून पाकीट काढलं. मागे अंगावर गांधी उठल्या होत्या, तेव्हाच्या उरलेल्या, ॲलर्जी दाबून टाकणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या. "ॲलर्जीची परीक्षा आहे म्हणालीस. नापास झाले तर ऑपरेशन करणार नाहीत, म्हणून आधीपासूनच घेत होते."

मी कपाळावर हात मारला. नवऱ्याला हसू फुटलं, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

आता गोळ्या बंद करून काही आठवडे थांबायचं, मग पुन्हा रक्त. माझं डोकंच फिरलं. "गाठ थांबणार आहे का तुझ्यासाठी?" तिनं सरळ सर्जनना फोन करून तारीख पुढे ढकलली. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या खेपेला डिवचणाऱ्या थेंबाला रक्त चांगलं उसळलं. सगळ्यांचा संशय भुलीच्या औषधावर होता, ते निर्दोष निघालं. रक्त चवताळलं ते जखम चिघळू नये म्हणून देतात त्या अँटिबायोटिकवर. डॉक्टरांनी ते बदललं.

गाठ निघाली. सासूबाईंनी डोळे उघडून पाणी मागितलं, तशी नणंद बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि हमसून रडायला लागली.

"वहिनी, पहिल्या वेळी तिन्ही औषधांना रक्त गप्प दिसलं ना, मी मशीनपुढे हात जोडले होते. सहीसाठी पेनही उचललं होतं. आई आहे ना माझी."

मी तिला जवळ घेतलं. इतकी हवीहवीशी बातमी हातात आल्यावर त्या बातमीवरच शंका घ्यायची, याला छाती लागते. तिच्या जागी मी असते तर सही करून मोकळी झाले असते, आणि आज सासूबाई नसत्या.