सयाजीला आणायला

माणूस मेला तर रडून मोकळं व्हावं, जिवंत असला तर वाट पाहावी. उमरठच्या कोंडाजीच्या घराला बारा वर्षं यातलं एकही धड करता आलं नाही. त्याचा थोरला भाऊ सयाजी लढाईत इटलीला गेला आणि तिथल्या डोंगरात बर्फाखाली गेला. प्रेत सापडलं नाही. सरकारनं 'बेपत्ता' म्हणून कळवलं. सरकारचं बरं असतं, एक शब्द लिहिला की त्याचं काम संपतं.

दोघे भाऊ एकाच पलटणीत होते. शिधा लादलेली खेचरं घेऊन सयाजी वर चालला होता आणि कोंडाजी खालच्या वळणावर दोर आवळत होता. वरून बर्फाची दरड सुटली. आपल्याकडे आषाढात सुटते तशीच, फक्त पांढरी. कोंडाजीनं दोन दिवस फावड्यानं उकरलं, तेव्हा एक खेचर हाती लागलं. त्यात त्याचा डावा पाय गोठला, दोन बोटं कापावी लागली आणि तिथला हिवाळा सरायच्या आत त्याला बोटीत घालून घरी धाडलं. त्या डोंगरावर त्यानं बर्फाखेरीज दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. सत्तावन्न सालच्या माघात बारा वर्षं भरली. चुलते भागोजी भावकीतले सगळ्यात वडील. ते पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "बयाबाय, आता उरकून टाकू."

बयाबाई सयाजीची बायको. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं, तेव्हा नवरा पलटणीत गेला होता. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून तिनं बारा वर्षं या घराची भातं लावली होती. ती कधी कुणाला उलटून बोलायची नाही, पण त्या दिवशी दाराआडून बोलली. "पुतळा जाळा. पन धाव्याला कावला शिवला नाय, तर धनी जित्ते हायेत असं धरायचं. दर्भाचा कावला चालायचा नाय. तसं कबूल करा."

भागोजींनी डोकं खाजवलं. मागणी चमत्कारिक होती, पण तिच्यात खोट काढता येईना. त्यांनी कबूल केलं आणि भावकीनं ऐकलं.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडले. कावळे समोरच्या आंब्यावर मुबलक होते, पण एकही खाली येईना. ऊन डोक्यावर आलं. आधी भागोजी हात जोडून म्हणाले, "तुझ्या बायकोला अंतर देनार नाय." मग एकेक जण पुढं होऊन पिंडाला काहीबाही सांगू लागला, कुणी शेताचं, कुणी देवाच्या पालखीचं. कावळे हलले नाहीत. पोरं भुकेनं रडायला लागली. भटजींनी दर्भाची काडी हातात घेतली, तर बयाबाईनं लांबूनच मान हलवली. ती बायकांत बसली होती. उन्हानं तिचं तोंड लाल झालं होतं, पण वेळ जाईल तशी ती ताठ होत गेली. तिचा डाव साधत आला होता.

कोंडाजीला हे दिसत नव्हतं काय? दिसत होतं. पण त्याला दुसरंही दिसत होतं: दादा उपाशी आहे, अन्न समोर आहे आणि तो खात नाही. कोंडाजी उठला, पिंडापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, तुला त्या बर्फात ठेवनार नाय. येतो मी तुला न्यायाला."

कावळा आला. सरळ आला, पिंडावर चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन उडाला. लोकांनी 'सुटला, सुटला' म्हणत हात जोडले. बायकांनी बयाबाईला पाण्याशी नेलं आणि दगडावर तिच्या बांगड्या फुटल्या.

घरी येताना ती कोंडाजीच्या मागून चालत होती. बांधावर आल्यावर म्हणाली, "बोल्लात ना भावजी. आता आना त्यांना."

बोलून बसणं सोपं असतं. उमरठचा माणूस इटलीला जाणार कसा? कोंडाजी रात्रंदिवस तोच विचार करू लागला. त्याची बायको बनुबाई चिडायची. म्हणायची, "कावल्याला दिलेला शबूद कुनी पालला हाय?" त्यावर तो मनाशी म्हणायचा, कावळ्याला नव्हे, दादाला दिला होता.

वाट निघाली ती शिमग्याला. नाते गावचा मुरारी पलटणीतला जुना सोबती. तो मुंबईत एका इटलीच्या साहेबाकडं स्वयंपाकी होता आणि सणाला गावी आला होता. त्यानं कोंडाजीला घरी बोलावून जे सांगितलं, ते ऐकून कोंडाजीच्या हातातलं पानसुद्धा तसंच राहिलं. साहेब येत्या जानेवारीत मायदेशी जाणार होता, पाचसहा दोस्त घेऊन डोंगरात खेळायला. हेलिकॉप्टर करायचं, शिखरावर उतरायचं, पायांना लांब फळ्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरत खाली यायचं. बरोबर तिथलाच एक वाटाड्या. दरड कुठं सुटेल, बर्फ कुठं पोकळ आहे, हे त्याला कळतं. तो पुढं आणि बाकीचे त्याच्या मागं.

"आनि ह्यात गंमत काय?" कोंडाजीनं विचारलं.

"मोठ्या लोकांची गंमत हाय रे. आपुन कशाला इचारायचं?" मुरारी म्हणाला. "साहेब मला नेतोय रांधायला. सामान उचलायला आनखी एक मानूस पायजे त्याला, बर्फ बघितलेला. मी तुझं नाव टाकलंय. पन फली पायात घालून उभं ऱ्हाता आलं पायजे. एक दिस तुझ्या डोंगराकडं जाऊ, वाटाड्याला घेऊन. साहेब व्हय म्हनतोय."

त्या दिवसापासून कोंडाजीच्या घरात दुसरा विषय नव्हता. मुरारीकडून निरोप यायचे: पासपोर्टाला फोटो पाहिजे, मुंबईत डॉक्टरला दाखवायचंय, लोकरीचे मोजे साहेब देईल. पावसाळा चिखलात आणि लावणीत गेला. दिवाळी झाल्यावर कोंडाजीनं सुताराकडून सागाच्या दोन फळ्या करून घेतल्या, पुढची टोकं शेकून वर वळवलेल्या, आणि गावामागच्या उतारावर जाऊन उभा राहिला. तिथलं वाळलं गवत असं निसरडं, की गुरंसुद्धा आडवी चालतात. दोन बोटं नसलेला पाय फळीवर ठरेना. तो पडायचा, कोपरं सोलून घ्यायचा, पुन्हा वर चढायचा. भातं झोडायची सोडून लोक बघायला जमले. एकानं विचारलं, "काय कोंडाजी, चाळिशीत गुढघं फोडायची हौस आली काय रं?" नंतर नंतर हसणंही थांबलं. रोजच पडणाऱ्या माणसाला किती हसणार?

बयाबाई मात्र रोज यायची. गवताचा भारा खाली टाकून पायथ्याशी उभी राहायची आणि तो खाली येईपर्यंत हलायची नाही. एकदा तो तिच्या पायाशीच येऊन आदळला, तेव्हा तिनं विचारलं, "भावजी, बर्फात मानूस नासत नाय म्हंतात. खरं काय?"

"खरं हाय, वयनी. खेचर निघालं ना, ते झोपल्यावानी व्हतं."

"म्हंजी तसेच असतील. गेले त्या वयाचे." तिनं भारा डोक्यावर घेतला. "मी म्हातारी दिसन आता त्यांच्याम्होरं."

हे खूळ आपणच तिच्या डोक्यात घातलं, हे कोंडाजीला कळत होतं आणि त्याची त्याला भीती वाटत होती. पण दादाला आणलं की सगळं फिटेल, असं तो मनाला समजावत राहिला.

मार्गशीर्षात साहेब रायगड बघायला पाचाडला येणार होता. मुरारीचा निरोप आला: कोंडाजीला साहेबापुढं उभं करायचंय. कोंडाजी एस.टी.नं महाडला गेला आणि तिथून चालत पाचाडला पोचला. खाणावळीच्या बाकड्यावर साहेब ताक पीत बसला होता. हसरा, लालबुंद, पोरासारखा माणूस. त्यानं कोंडाजीचा पाय बघितला, पाठीवर थाप मारली आणि मुरारीकरवी सगळा बेत सांगितला. पहिले दोन दिवस कोंडाजीच्या डोंगरावर, तो बुटका आहे, पाय मोकळे करायला ठीक. मग उत्तरेकडच्या मोठ्या डोंगरात, तिथं हेलिकॉप्टर. वाटाड्या सांगेल त्या दिवशी निघायचं, तो नको म्हणाला तर दिवसभर तंबूत पत्ते कुटायचे.

"कुठला डोंगर, नक्की ओळखशील ना?" साहेबानं विचारलं.

"दोन शिंगांचा," कोंडाजी म्हणाला. "एक उभं, एक कललेलं. खाली गाव, गावात घंटेचा मनोरा."

साहेबानं मांडी थोपटली. त्याचं आजोळ तिथून जवळच होतं. त्यानं पाकिटातून एक रंगीत फोटो काढून बाकड्यावर ठेवला. कोंडाजीनं पाहिलं. दोन शिंगं, एक उभं, एक कललेलं. खाली मनोरा. पण डोंगर हिरवागार होता, पार शिंगांपर्यंत. उतारावर मेंढरं चरत होती आणि दोन पोरी फुलं वेचत होत्या.

"ह्यो न्हवं," तो म्हणाला. "त्याच्यावर बर्फ हाय."

मुरारीनं विचारलं आणि साहेबाचं उत्तर ऐकून तो जरा घुटमळला. "त्योच हाय, कोंडाजी. बर्फ थंडीतच पडतो थतं. उन्हाल्यात समदा वितलून नदीला जातो. दरसाल."

"दरसाल?"

"दरसाल."

मुरारी स्वतः तिथं लढला होता, पण समुद्राकाठच्या तुकडीत. हा डोंगर त्यानं पाहिला नव्हता. साहेबाला एव्हाना काहीतरी उमगलं असावं. त्यानं हळू आवाजात सांगितलं, की बर्फ उतरल्यावर गावकरी वर जायचे आणि जे मिळेल ते पुरायचे. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. बरंचसं नदीनंच नेलं. कोंडाजी ऐकत होता. त्याचा भाऊ बर्फात झोपला नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात तो कोल्ह्याकुत्र्यांचा आणि पाण्याचा झाला होता, आणि इथं आपण फळ्या बांधून गवतावर आपटत होतो. कोंडाजीनं साहेबाला रामराम केला आणि तो उठला. मुरारीनं हाक मारली, पण तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तो घरी पोचला. बयाबाई अंगणात भात कांडत होती आणि बनुबाई पाखडत होती. त्यानं काही लपवलं नाही. आता तिला खरं सांगायचं, एवढं त्यानं वाटेत ठरवलं होतं. उभ्या उभ्याच त्यानं सांगून टाकलं: तिथं बर्फ राहत नाही, गवत उगवतं, मेंढरं चरतात.

बयाबाईचं मुसळ थांबलं. "म्हंजी ते बर्फात नायत?"

"नायत, वयनी."

"मंग तुमी कावल्याला काय सांगितलंत? बर्फातून आनतो म्हनून. त्यो त्या बोलीवर शिवला. बोलीच खोटी, मंग त्यो शिवला कुठं?" ती सावकाश बोलत होती, हिशेब मांडावा तशी. "न्हाय शिवला तर जित्ते धरायचं, असं कबूल हाय भावकीला. बर्फ वितलला, ते उठून गेले असतील कुठंतरी."

बनुबाईनं सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. बयाबाईच्या बोलण्यात वेड नव्हतं. गावाच्याच रितीनं ती बोलत होती, आणि त्या रितीत तिला खोडून काढणारं कोंडाजीला काही सापडेना.

पुढच्या बाजाराला बयाबाई एकटी पोलादपूरला गेली आणि कासाराकडून मनगटभर हिरव्या बांगड्या भरून आली. कपाळावर कुंकू. गावातून ती मान वर करून चालत आली. बायका दारं लावून घेत होत्या. संध्याकाळी भागोजी चार माणसं आणि दोनतीन बायका घेऊन अंगणात आले.

"कोंडाजी," ते म्हणाले, "आमी कुनी थतं न्हवतो. तू व्हतास. तुझा भाऊ जित्ता हाय का मेला, येवढं सांग. जित्ता म्हनलास तर तिच्या बांगड्या ऱ्हातील, आमी पुन्ना शब्द काढनार नाय."

बयाबाई तुळशीपाशी उभी होती. ती कोंडाजीकडं अशा आशेनं बघत होती, की त्याला तिच्याकडं बघवेना. एक शब्द, आणि ही बाई सुखी. पण मग ती उद्या विचारील, कधी निघता? परवा विचारील. मरेपर्यंत दाराकडं बघत बसेल. मायेपोटी आपण एकदा बोललो आणि तिचं काय झालं, ते त्याच्या डोळ्यांपुढं होतं. त्या घरात बारा वर्षं सयाजीला 'हरवला' म्हणत होते. आई मरेपर्यंत तेच म्हणत होती आणि कोंडाजीही तेच म्हणत आला होता.

"मेला," तो म्हणाला. "वयनी, दादा मेला. दरड घराएवढी व्हती. तिच्याखालनं कुनी उठत नाय. त्याच दिशी मेला त्यो."

भागोजींनी बायकांना खूण केली, पण एकही पुढं येईना. एकदा फोडलेल्या बांगड्या पुन्हा कशा फोडायच्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग बयाबाईच चालत कोंडाजीपुढं आली, खाली बसली आणि दोन्ही हात जात्याच्या दगडावर ठेवले.

"तुमी फोडा, भावजी," ती म्हणाली. "तुमच्याच शबदानं पयल्या बी फुटल्या."

दिरानं भावजयीच्या हाताला हात लावायचा नसतो. कोंडाजीनं तिचं मनगट धरलं. ते लाकडासारखं कडक होतं. त्यानं गोटा उचलला आणि एकेक बांगडी फोडली. काच तिच्या हाताला लागली, त्याच्याही लागली. शेवटची फुटल्यावर तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि तेव्हा कुठं तिच्या तोंडातून आवाज फुटला. बारा वर्षांत ती पहिल्यांदा सयाजीसाठी रडत होती, आणि तो हुंदका ऐकून भागोजी खाली मान घालून अंगणाबाहेर निघून गेले. बनुबाई तिला पोटाशी धरून बसली. कोंडाजी तिथंच गोटा हातात घेऊन उभा राहिला, आणि पोरं अनवाणी येतील म्हणून थोड्या वेळानं वाकून काचा वेचू लागला.