माऊसला कुंकू, माझ्यावर तबक

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि राणीला नोकरी माझ्यामुळे लागली.

असे काही झालेले नाही. मी हे बोललोही नाही. शेजारी माऊस बसलेला आहे, त्याच्या कानावर जायला नको. आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पुण्याला आलो आणि पुण्याहून सुमंत सरांनी मला एसटीने कराडला आणले. येताना मॉनिटरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या टीव्हीसारख्या तोंडाला, खिडकीजवळची सीट मिळाली. सरांनी त्याचे अर्धे तिकीटही काढले. सीपीयू, म्हणजे ज्या डब्यात सगळी अक्कल असते असे सांगतात तो, सरांच्या मांडीवर बसला. मी टपावर होतो, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. खंबाटकीच्या घाटात कोंबड्यांनी माझी जवळून चौकशी केली.

सरांनी स्टँडमागे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर क्लास काढला. धुळीने कॉम्प्युटर बिघडतो म्हणून सगळ्यांनी चपला जिन्यात काढायच्या असा नियम होता. गिरणीच्या पिठाला मुळात चपलाच नव्हत्या, त्यामुळे ते थेट वर यायचे.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. तेव्हा डॉस होते. काळा पडदा, पांढरी अक्षरे, आणि कॉम्प्युटरला जे काही सांगायचे ते माझ्यामार्फत. मुले माझी एंटरची कळ दाबत, पडद्यावर फायलींची यादी धावत जाई आणि मुले 'आयला!' म्हणत. पण कोणाकडे बघून? मॉनिटरकडे बघून. मित्रांनो, पेढा चांगला लागला म्हणून कोणी दुकानाच्या काचेला शाबासकी देते का?

तरीही मी सहन केले. मग विंडोज आले, आणि त्याच्या मागोमाग, थर्माकोलच्या पाळण्यात झोपून, माऊस आला.

त्याला बटणे दोन. मला शंभराच्या वर. तरी त्याला बसायला निळी मऊ चटई आणि मला उघडा सनमायका. त्याला सरकवले की पडद्यावर एक बाण सरकतो. बाण चित्रावर नेऊन बटण टिचकीसारखे दाबले की त्याला क्लिक म्हणतात, आणि लागोपाठ दोनदा दाबले की डबल क्लिक. एवढीच त्याची विद्या. पत्र लिहायचे मी, आणि ते उघडून दाखवल्याचे कौतुक त्याचे.

मी फक्त माऊसवर जळायचो असे समजू नका. मी कर्सरवर जळायचो. अक्षर उमटायचे त्या जागी तो उभा राहून डोळे मिचकावतो आणि लोकांना वाटते तोच लिहितो आहे. मी इंटरनेटवरही जळायचो. सरांनी 'येथे इंटरनेट शिकवले जाईल' अशी पाटी लावली होती, पण फोनची लाइन आली नव्हती. म्हणून सर इंटरनेट फळ्यावर शिकवायचे. खडूने मोठा ढग काढायचे, त्याला तारा जोडायचे आणि म्हणायचे, "जगातले सगळे कॉम्प्युटर यात एकमेकांशी बोलतात." तास संपला की इंटरनेट पुसले जाई. काही भाग सरांच्या बाहीवर राही. जे आलेलेच नव्हते त्याला एवढा मान, आणि मी हजर असून गैरहजर.

कॉम्प्युटर कमी आणि मुले फार, म्हणून एका कॉम्प्युटरवर दोघे बसत. एकाने कीबोर्ड धरायचा, दुसऱ्याने माऊस. आमच्या कॉम्प्युटरवर मयूरी आणि राणी होत्या. मयूरीचे घर मागच्याच गल्लीत, त्यामुळे ती आधी येऊन माऊस पटकावायची. राणी कुंडलहून एसटीने यायची. ती पोचेपर्यंत फक्त मी उरलेला असायचो. पण तिची बोटे माझ्यावर अशी चालायची की मला वाटे, हिने मला निवडले आहे.

राणीच्या वडिलांनी, आकारामांनी, तिला बजावले होते, "दिवाळीपतूर नोकरी लागली तर लागली. न्हाईतर आत्याच्या दुकानात फॉल-पिकोच्या मशीनवर बसायचं." त्या दिवसापासून मी एका शिलाई मशीनवरही जळू लागलो. मी ती पाहिलेलीही नव्हती. पण राणीचे हात तिच्याकडे जाणार होते.

पडद्याच्या वरच्या बाजूला फाईल, एडिट अशा शब्दांची एक पट्टी असते. एकेका शब्दाला क्लिक केले की खाली कामांची यादी लोंबते. तिला मेन्यू म्हणतात. एकदा राणीने विचारले, "सर, ह्या फाईलच्या एफखाली रेघ कशाला वडलीया?"

"डिझाइन आहे ते," सर म्हणाले.

राणीचा विश्वास बसला नाही. मयूरी माऊस सोडत नव्हती, म्हणून राणी माझ्यावरच एकेक कळ दाबून बघत बसली. एके दिवशी तिने माझी ऑल्ट नावाची कळ धरली आणि एफ दाबला. मेन्यू आपोआप लोंबला. माऊस चटईवर स्वस्थ पडलेला होता. तो दिवस मी अजून उराशी धरून आहे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा करतात. सरांच्या आई शरयूकाकू पूजेचे तबक घेऊन वर आल्या. तबक ठेवायला जागा हवी होती. ते त्यांनी माझ्यावर ठेवले.

माझ्यावरच्या तबकातून मग एकेकाला कुंकू गेले. मॉनिटरला गंध आणि झेंडूची माळ. सीपीयूला सुपारी. माऊसला तर काकूंनी कौतुकाने उचलून उताणे केले. त्याच्या पोटाखाली एक रबरी गोळी असते, ती फिरली की बाण फिरतो.

"अगंबाई, ह्याला एकच पाय!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी हळदीकुंकू कालवून त्या पायाला भरपूर लावले.

"आवं काकू, तिथं नगा लावू, त्यो फिरतोय!" राणी म्हणाली.

"देवाचं आहे गं. देवाच्या गोष्टीनं काही बिघडत नाही."

अक्षता टाकताना एक दाणा चुकून माझ्याकडे आला. मी तो स्पेसबारखाली जपून ठेवला. नाही म्हटले तरी मान तो मान.

दसरा झाला आणि एका पतसंस्थेचे सेक्रेटरी नानासो ऑपरेटर निवडायला आले. सभेची नोटीस टाईप करून, सेव्ह करून, छापून दाखवायची होती. मयूरी आधी बसली. एकेका बोटाने शोधत तिने नोटीस लिहिली आणि सेव्ह करायला माऊस धरला. बाण आडवा सरकला. वर जाईना. तिने माऊस हलवला, आपटला, शेवटी हवेत धरून वर नेला. बाण जागचा हलला नाही.

"मयूरे, त्याच्या पायाला कुंकू हाय," राणी हळूच म्हणाली.

"गप गं तू! सर, बघा ना ह्याला काय झालंय!"

सरांनी लांबूनच निदान केले. "व्हायरस! कुणी माऊसला हात लावू नका, पसरेल." आणि त्यांनी सगळ्यांच्या पायांकडे बघून चपलांची खात्री केली. व्हायरस म्हणजे कॉम्प्युटर बिघडवण्यासाठी मुद्दाम लिहिलेला प्रोग्राम असतो. तो पायातून येत नाही, पण हे सरांना सांगणार कोण?

मयूरी उठली. राणी बसली. मित्रांनो, आता सगळे माझ्यावर होते, आणि माझा स्पेसबार अक्षतेवर अडला होता. शब्दामागून शब्द चिकटून उमटू लागले. राणीने मूठ वळून स्पेसबारवर हाणली.

"अगं, आपटतीयास कशाला?" नानासो दचकले.

"तांदूळ हाय खाली, नाना."

दुसऱ्या बुक्कीला तांदूळ मोडला. नोटीस पुरी झाली. ऑल्ट, एफ, आणि सेव्हचा एस. नाव दिले, एंटर. मग प्रिंट. प्रिंटर करवतीसारखा ओरडू लागला, निम्मी सभा कागदावर आली, आणि लाइट गेली.

"गेली म्हणायची आमची नोटीस!" नानासो कपाळाला हात लावून म्हणाले.

"न्हाई नाना. पडद्यावरची गेली. सेव्ह केल्याली ह्या डब्यात हाय. लाइट आली की हाय तशी निघती."

नानासोंनी तिच्याकडे बघितले, मग डब्याकडे. "मग सोमवारपासनं ये. आमच्याकडं लाइट रोजच जाती." जाताना त्यांनी बंद पडलेल्या मॉनिटरला थोपटले. "लय गुणाचं मशीन हाय."

मी तेही गिळले. कारण आता राणी माझ्याकडे वळणार होती.

मयूरी तोंड फिरवून उभी होती. राणी तिला म्हणाली, "मयूरे, आज तरी मला माऊस धरू दी की गं. पयल्या दिवसापासनं मनात हाय."

मयूरीने नाक ओढले आणि माऊस तिच्याकडे सरकवला. "घे. बिघडलाय पण."

राणीने त्याला उताणे केले, गोळी काढली आणि ओढणीच्या टोकाने कुंकू पुसले. मला तिने कधी ओढणीने पुसले नव्हते. मग ती त्याला चटईवर फिरवत बसली, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. लाइट नव्हती. पडद्यावर बाण नव्हता. तरी ती फिरवत होती आणि हसत होती.

मित्रांनो, कीबोर्डवर चहा सांडू नका. मधूनमधून सेव्ह करा, लाइट विचारून जात नाही. हल्ली माझ्यापुढे मयूरी बसते. ऑल्ट दाबते, पण रागाने.

सबब मा. संचालक, सुमंत कॉम्प्युटर्स, कराड यांना सविनय विनंती करण्यात येते की, कु. राणी आकाराम यांची पतसंस्थेतील नेमणूक कायम ठेवून, त्यांचे दोन्ही हात मात्र मूळ ठिकाणी, म्हणजे माझ्यावर, तातडीने पूर्ववत रुजू करून घेण्यात यावेत, आणि त्याबाबतचा लेखी आदेश माऊसच्या समक्ष मोठ्याने वाचून दाखवण्यात यावा.