राहिलेला कान

बाइंडरबाबांच्या दुकानातून आयुष्यात एकही वाकडी कड बाहेर गेली नव्हती. पुस्तक कापून झालं की ते डोळ्यांसमोर आडवं धरायचे आणि पानांची कड सपाट दिसली तरच खाली ठेवायचे. त्यातही त्यांचा खरा वैरी म्हणजे कान. एखाद्या पानाचा कोपरा आत दुमडलेला राहतो, सगळं पुस्तक पात्याखालून जातं आणि तो कोपरा तेवढा निसटतो. मग पान उलगडलं की कागदाचा त्रिकोण बाहेर डोकावतो. असा कान निघाला की दुकानात कारागिरांची पाचावर धारण बसायची.

आता ते दुकान नव्हतं. खांदा मशीन ओढेनासा झाला, कुलूप लागलं आणि लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. खिडकीपाशी पलंग, वेळेवर चहा, कशाला म्हणून कमी नव्हती. पण एकच प्रश्न त्यांना आतून कुरतडत होता. या घराला आपला काही उपयोग आहे, की आपण नुसती पलंगावरची अडगळ? अडगळच असू तर जुन्या खोलीत एकटं राहिलेलं काय वाईट, इथवर त्यांचा विचार जाऊन पोचला होता.

जावई बसच्या तिकीटखिडकीवर कामाला. माणूस लाखात एक, पण बोलणं मोजून मापून. सासऱ्यांशी तर ‘चहा घेतलात का’ आणि ‘पंखा लावू का’ यापुढे गाडी सरकत नसे. त्याला नाद होता चुकलेल्या नोटांचा. एखादीवर आकडे तिरके, एखादीची पाठ कोरी, एखादीवर शाईचा ओघळ. खिडकीत अशी नोट आली की स्वतःच्या खिशातली चांगली नोट गल्ल्यात टाकायची आणि ही घरी आणायची. प्लास्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये तो त्या तळहातावरच्या फोडासारख्या जपायचा.

“जन्मभर मी ज्या कागदाला रद्दीची वाट दाखवली, तो जावईबापू पाकिटात घालून पुजतात,” बाबा लेकीला म्हणायचे. “व्यक्ती तितक्या प्रकृती!”

“त्यांना फार वाटतं तुम्हाला दाखवावं म्हणून,” लेक म्हणायची. “पण तुम्ही नाक मुरडाल याची धास्ती वाटते.”

एका दुपारी दोघंही कामावर गेलेली असताना बाबांना तो अल्बम टेबलावर उघडा दिसला. वर एक नवी नोट होती, आणि तिच्या कोपऱ्याला चक्क कान! पाकिटात बसवताना त्या कानाने पाकीटही उसवलं होतं. चूक म्हणजे छपाईची, कान तर नुसता कापायचा राहिलेला कागद; बिचाऱ्याला काढायला जमलं नसणार, बाबांना वाटलं. त्यांचे हात शिवशिवायला लागले. कितीतरी दिवसांनी या घरात त्यांच्याजोगं काम निघालं होतं.

पलंगाखालचा डबा निघाला. त्यातली पोलादी पट्टी निघाली, पातळ सुरी निघाली. बाबांनी पट्टी नोटेच्या कडेला लावली, श्वास धरला आणि एका ओढीत कान उतरवला. जमिनीवर कपटा टाकायची सवय नव्हती, म्हणून तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. नोट पाकिटात अलगद सरकली. त्या दुपारी त्यांना झोप लागली ती अगदी कामावरून आल्यासारखी.

संध्याकाळी जावयाने चहाचा कप हातात घेतला, तोच बाबांनी अल्बम पुढे सरकवला.

“जावईबापू, तुमच्या त्या नोटेला कान राहिला होता. काढून टाकला. बघा, कशी बसलीय आता!”

जावयाने पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“हाताला सफाई आहे, बाबा,” एवढंच म्हणून तो आत गेला. कप तसाच भरलेला राहिला.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. “काय झालं गं?”

लेकीने आधी आढेवेढे घेतले, मग तिला राहवेना. “अहो बाबा, तो कानच तर हवा होता! साध्या नोटा काय, पैशापासरी मिळतात. कान असलेली एक मिळावी म्हणून लग्नाच्या आधीपासून वाट बघत होते ते. काल मिळाली, तर रात्रभर लहान मुलासारखे हसत होते.”

बाबांना आता कळलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. उपयोग राहिला बाजूला, जावयाच्या जन्माच्या आनंदावर आपण सुरी चालवली. त्यांनी मुकाट्याने बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले. सदरा बदलताना खिशातला त्रिकोण हाताला लागला, तसे ते उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेले.

“जोडून देतो,” ते म्हणाले. “खळ आणि पातळ कागद लागेल. भिंगातून पाहिलं तरी कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल ना, बाबा,” जावई म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने त्रिकोण तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. “पण हा कान राहतो कसा, ते तुम्हाला ठाऊक आहे?”

“आता काय सांगू! उभा जन्म त्याच्याशी वैर केलं मी.” बाबांनी तिथलंच वर्तमानपत्र घेतलं, कोपरा आत दुमडला, कड कापली आणि पान उलगडलं. कान टुणकन बाहेर आला.

जावई खुळ्यासारखा बघतच राहिला. “पुन्हा करा,” तो म्हणाला. मग त्याने स्वतः करून पाहिला. दोघांनी मिळून अख्ख्या वर्तमानपत्राची वाट लावली. लेकीने दुसऱ्यांदा केलेला चहाही गार झाला, पण या वेळी तिने कुरकुर केली नाही.

शेवटी जावयाने नोट आणि तो त्रिकोण एकाच पाकिटात शेजारीशेजारी ठेवला. “एक चूक छापखान्याची, एक आपल्या घरची. अशी जोडी कुणाकडे असेल तर दाखवा म्हणावं!”

बाबांना ‘आपल्या घरची’ हे शब्द पुन्हा ऐकावेसे वाटले. पण जावयाची नजर दारातून पलीकडे, पलंगावरच्या बॅगेवर गेली होती.

“ही कशाला भरलीत?”

बाबा वर्तमानपत्राचे तुकडे गोळा करू लागले.

“प्लास्टिकमध्ये नोटा दमट होतात,” जावई त्यांच्याकडे न बघता म्हणाला. “चांगला पुठ्ठ्याचा अल्बम हवाय मला. तुमच्या हातचा. घाईत केलेला चालणार नाही हं.”

बाबांनीही घाई केली नाही. पुठ्ठा निवडला, दोरा ओढून पानं शिवली, खळ शिजवताना लेकीचं एक पातेलं कायमचं आपलंसं केलं. मशीन नव्हती, म्हणून कड सुरीनेच, थोडी थोडी करत कापली. मधे कधीतरी लेकीने बॅगेतले कपडे परत कपाटात लावले आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अल्बम हातात आला तेव्हा जावयाने तो सासऱ्यांसारखाच डोळ्यांसमोर आडवा धरला. कड आरशासारखी होती. तो एकेक पान उलटत गेला. त्या नोटेसाठी ठेवलेल्या पानावर त्याची बोटं थांबली. पानाचा कोपरा आत दुमडलेला होता. त्याने तो उलगडला आणि एक त्रिकोण कडेच्या बाहेर आला.

“बाबा, इथे कान राहिलाय.”

“दिसतोय मला.”

“मग? काढायचा का?”

“हात तर लावून बघा त्याला!” बाबा म्हणाले. त्यांनी रागाचा आव आणला होता, पण डोळे त्यांचं ऐकत नव्हते. “आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम ठेवलाय.”