पांढरा भात

"फोटो काढायचे तर लांबून काढा. कुणाच्या किमोनोला हात लावायचा नाही, दारं सरकवून आत डोकवायचं नाही," हातातली पिवळी झेंडी नाचवत गाईड पोरगी सांगत होती. "ही राहती घरं आहेत. चला, सगळ्या माझ्या मागे!"

माइझुरू गावच्या ज्येष्ठ महिला मंडळाच्या बायका किलबिलत तिच्यामागे निघाल्या. हिसानो मात्र मुद्दाम रेंगाळली. मियागावाच्या या गेइशांच्या गल्लीत तिला वाट दाखवायला झेंडी कशाला हवी होती?

"अगं, चल की!" कायो ओरडली. दोघींनी मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभं राहून जन्म काढला होता. "एखादी गेइशा दिसली तर माझा फोटो कोण काढणार?"

"पाय दुखतायत गं. तू हो पुढे."

"सांगत होते, नवे बूट घालू नकोस. मेली नटायची हौस काही जात नाही तुझी!"

हिसानो हसली. नटण्याबद्दल कायोला काय ठाऊक? याच गल्लीत, ओठांना लाली आणि मानेला पांढरा रंग लावून, ती तोमिगिकु या नावाने नाचत असे. माइझुरूत हे एका तादाओला, तिच्या नवऱ्याला, माहीत होतं आणि त्याच्या आईला. "लोकांत ब्र काढायचा नाही," अशी सासूने शपथ घातली होती. ती हिसानोने आजवर पाळली होती.

तादाओ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिने गल्लीच्या रिवाजाप्रमाणे घरोघर भाताचे डबे पाठवायचे ठरवले. गेइशाचा पेशा सोडणाऱ्या मुलीच्या डब्यात थोडा लाल दाण्यांचा भात असला, तर तिकडे बिनसल्यास ती परत येईल, असं समजायचं. निव्वळ पांढरा असला, तर संबंध संपला.

"मूठभर लाल घाल गं," ती राहायची त्या गेइशाघराच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांना सगळ्या मुली आईच म्हणत. "संसाराचं कुणी सांगावं?"

"मला नाही परत यायचं. पांढराच."

पहाटेच्या गाडीला निघताना आई उंबऱ्याशी आल्या. "'येते' म्हण," एवढंच म्हणाल्या. तोमिगिकु "जाते" म्हणाली, आणि तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पत्ताही ठेवला नाही.

तादाओ गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिला आईंची फार आठवण येऊ लागली. एकदा त्यांच्यापुढे चटईला कपाळ टेकून माफी मागायची होती. पण धागा आपणच तोडलेला, मग कोणत्या तोंडाने जायचं? मंडळाची सहल निघाली आणि तिने मनाचा हिय्या केला. आई आता नव्वदीच्या असतील. आज नाही भेटल्या तर पुन्हा कधी?

दार तेच होतं. पस्तिशीची एक बाई दारातल्या फरशीवर पाणी शिंपडत होती. हिसानोला पाहून तिने वाकून नमस्कार केला.

"माफ करा हं, आमच्याकडे ओळखीशिवाय कुणाला आत घेत नाहीत."

हे वाक्य हिसानोने स्वतः कितीतरी पाहुण्यांना ऐकवलं होतं. आता तिची ओळख द्यायला कोण उरलं होतं? ती वळलीच होती, पण पाय निघेना.

"मी तोमिगिकु," ती हळूच म्हणाली. कित्येक वर्षांनी हे नाव तोंडातून निघालं, आणि तिला ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

त्या बाईच्या हातातलं भांडं कलंडलं. "पांढऱ्या भाताच्या तोमिगिकुताई?"

हिसानोने शरमेने मान खाली घातली.

"मी मित्सुयो. आईंची नात. ताई, आजी गेल्या शरदात गेली हो."

हिसानोने दाराच्या चौकटीला हात टेकला. रडू आलं नाही. फक्त बसावंसं वाटलं.

"दर नव्या वर्षाला तुमची गोष्ट सांगायची," मित्सुयो म्हणाली. "तुम्ही गेलात ना, त्यानंतर डबे वाटायच्या आधी तिने एकेक डबा उघडला आणि त्यात चमचा चमचा लाल भात घातला. 'पोर हट्टी आहे, म्हणून मी कशाला दार लावू?' असं म्हणायची. सगळी गल्ली तुमची वाट बघत होती."

"मला कळवलं का नाही?"

"कुठे कळवणार? पत्ता कुठे होता?"

मित्सुयो तिला आत घेऊन गेली. हिसानोने आईंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, चटईला कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. माफीचे शब्द घोळवून ठेवले होते, त्यातला एकही आठवला नाही.

बाहेर कायो धापा टाकत उभी होती. "इथे आहेस होय! बसवाला बोंबलतोय तिकडे. तुला आत कसं सोडलं गं यांनी?"

"पाणी प्यायला गेले होते."

मित्सुयो उंबऱ्यावर येऊन वाकली. हिसानो तिच्या खांद्यावरून आतल्या अंधाऱ्या बोळाकडे बघत राहिली.

"येते, आई," ती म्हणाली.

"आई?" कायो खो खो हसली. "अगं, तुझ्या लेकीच्या वयाची आहे ती! ऊन लागलंय तुला."

पिवळ्या झेंडीच्या दिशेने दोघी चालू लागल्या. कोपरा येईपर्यंत हिसानो मागे वळून वळून बघत होती.