शारिपाच्या कोटातली किल्ली

किल्ली कुठं आहे हे इमानालीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्या बायकोच्या, शारिपाच्या तपकिरी कोटाच्या उजव्या खिशात. आणि तो कोट होता उलकानच्या घरी, ओढ्यापलीकडे, जेमतेम दोनशे पावलांवर.

शारिपा गेली त्या दिवशी बायकांनी तिला शेवटची अंघोळ घातली. अंघोळ घालणाऱ्या बायकांना गेलेलीचे कपडे द्यायचे अशी किर्गिझ रीत, त्याला मुच्यो म्हणतात. डोक्याकडून पाणी घातलं उलकाननं. ती इमानालीच्या मुलीची सासू, त्याची विहीण, म्हणून मानाचा कपडा तिला. कोट एकाच हिवाळ्यात वापरलेला. कुणीतरी तो खुंटीवरून काढला, कुणीतरी घडी घातली, कुणीतरी उलकानच्या हातावर ठेवला. खिसे चाचपून बघायचं कुणाच्या डोक्यात येणार? इमानाली स्वतः त्या वेळी यर्टच्या, म्हणजे दुखवट्यासाठी उभारलेल्या लोकरी तंबूच्या, बाहेर काठीवर ओणवा होऊन मोठ्यानं रडत होता. येणारा प्रत्येक पुरुष त्याच्या गळ्यात पडत होता. अशा वेळी गाडीच्या किल्लीची आठवण ठेवणारा माणूस म्हणजे माणूस नव्हे.

तिसऱ्या दिवशी आठवण झाली, पण तोवर कोट दिला गेला होता.

आता गाडीची किल्ली बायकोच्या खिशात कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर इमानालीच्या धांदरटपणात आहे. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात या गृहस्थानं तीन टोप्या, एक खोगीर, स्वतःचा पासपोर्ट आणि एकदा चक्क एक गाभण गाय हरवली होती. तेव्हा शारिपानं कायदा केला: गाडी तू चालव, किल्ली मी सांभाळते. ती राखाडी जपानी गाडी तिसऱ्या हातातून आली तीच एका किल्लीनिशी. दुसरी करून घेऊ, असं इमानाली अकरा वर्षं म्हणत होता. करायची गरजच पडली नाही. शारिपा कुठं हरवणार होती?

किल्ली परत मागायची सोय नव्हती. मुच्यो म्हणून दिलेल्या कपड्याचा खिसा उलटा करायचा, तोही विहिणीच्या घरी जाऊन? गावानं तोंडात शेण घातलं असतं. वर मुलीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागलं असतं की तुझ्या बापानं मेलेल्या आईचं देणं मोजून परत नेलं.

बरं, उलकान काही तोंड चुकवत नव्हती. दर गुरुवारी यायची. तेल तापवून बोर्सोक, कणकेचे छोटे तुकडे, तळायची, त्या वासानं घर भरलं की शारिपाच्या नावानं दुवा मागायची, भांडी घासून निघून जायची. येताना अंगात तिचं स्वतःचं जुनं जाकीट असायचं. आता काढेल, आता काढेल, म्हणून इमानालीचं सगळं लक्ष तिच्या हातांकडे. ती मिठाचं बोलायची, मेंढ्यांचं बोलायची आणि जायची. पहिल्या गुरुवारी त्याला वाटलं, अजून सापडली नसेल. तिसऱ्या गुरुवारी तो मनातल्या मनात तिच्यावर उखडला. या बाईला खिशात हात घालायचं कुणी शिकवलं नाही का? पाचव्या गुरुवारी त्याला वेगळंच कळून चुकलं. अंगणातल्या बंद गाडीकडे बघताना त्याच्या मनात दरवेळी एकच वाक्य येत होतं: किल्ली शारिपाकडे आहे. अगदी रोजच्यासारखं, ती आत चहा करत असावी तसं. ते वाक्य त्याला सोडवत नव्हतं.

पण शनिवारी शारिपाचा चाळिसावा, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी, होता. शारिपाची थोरली बहीण बुबुसारा घाटापलीकडच्या गावात राहायची. वय ब्याऐंशी, जीभ बावीस वर्षांची. तिनं निरोप धाडला होता की माझ्या बहिणीच्या चाळिसाव्याला मी परक्याच्या गाडीत बसून येणार नाही, इमानाली आला तर येईन, नाही तर इथंच बसून रडेन. हट्टाला पेटली की ही बाई पाण्याचा घोटही घेत नसे. तेव्हा चाळिसाव्याला दोन दिवस उरले असताना इमानालीनं नारीन शहरातून किल्लीवाल्याला बोलावलं.

किल्लीवाल्याचं नाव एर्मेक. चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा अखंड सुरू. त्याच्या व्हॅनवर माणसाच्या उंचीची पिवळी किल्ली रंगवलेली होती. ती व्हॅन गावात शिरली तेव्हाच गावाला कळलं की इमानालीच्या गाडीला किल्ली नाही.

त्यानं दाराच्या कुलपात एक पातळ पट्टी घातली, कान लावून खटके मोजले आणि दार उघडलं. सदतीस दिवस कोंडलेली हवा बाहेर आली. त्यात शारिपाच्या हाताच्या मलमाचा वास होता. इमानाली तोंड फिरवून कुंपणाकडे बघत राहिला. एर्मेकनं व्हॅनमधल्या यंत्रावर नवी किल्ली कापून आणली, ती लावून फिरवली. इंजिन घरघरलं आणि बसलं. स्टिअरिंगपाशी एक लाल दिवा लुकलुकू लागला.

"हा चोरांचा शत्रू," एर्मेक म्हणाला. "दाते जुळले म्हणून भागत नाही, अक्साकाल. किल्लीच्या डोक्यात गव्हाच्या दाण्याएवढी चिप असते. गाडी तिला विचारते, तू कोण? बरोबर उत्तर आलं तरच इंजिन पेटतं. जुनी किल्ली द्या बघू." अक्साकाल म्हणजे वडीलधारा, मानाची हाक.

"नाही."

"नाही म्हणजे हरवली?"

"हरवली."

एर्मेकनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "हरवली म्हणणारे दोन जातींचे असतात. एकाला खरंच माहीत नसतं. दुसऱ्याला माहीत असतं, पण सांगायची चोरी असते. गेल्या महिन्यात एकाच्या बायकोनं भांडणात किल्ली नदीत भिरकावली. तोही मला हरवली म्हणूनच सांगत होता, आणि बायको मागं उभी राहून हसत होती."

इमानाली हसला नाही. तेव्हा एर्मेकनं सरळ सांगितलं. जुनी असेल तर नवी तिच्या शेजारी नोंदवायची, पाच मिनिटांचं काम, दोन्ही सुखानं नांदतील. जुनी नसेल तर गाडीच्या मेंदूतलं सगळं पुसून कोरं करावं लागतं, त्याला सोळा मिनिटं लागतात. मग ती जुनी उद्या उशीखाली सापडली तरी दार तेवढं उघडेल.

"इंजिन?"

"इंजिन कसं चालेल? गाडी तिला ओळखणारच नाही."

"तिला तेवढी राहू दे की. तिनं काय बिघडवलंय?"

"मला काय ठाऊक ती कुणाच्या हातात आहे! यंत्राला चोर आणि मालक सारखेच. पुसलं की सगळंच पुसलं जातं."

इमानाली फाटकापर्यंत गेला. तिथून ओढ्यापलीकडे उलकानचं निळं छप्पर दिसत होतं, धुराड्यातून धूर निघत होता. जायचं आणि म्हणायचं, विहीणबाई, कोट तुमचाच, फक्त. फक्त काय? त्यानं ते वाक्य चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं. चारही वेळा ते भिकाऱ्याच्या तोंडी शोभेल असं वाटलं. एक वाक्य त्याला चांगलंही सुचलं होतं, पण ते शारिपानंच उलकानशी बोलावं असं होतं. असल्या नाजूक गोष्टी घरात नेहमी तीच बोलायची. तो परत आला.

एर्मेकनं पाटीएवढं यंत्र त्याच्यापुढं धरलं. त्याची तार गाडीच्या पोटात गेली होती. पडद्यावर रशियनमध्ये लिहिलं होतं की सर्व जुन्या किल्ल्या पुसल्या जातील, पुढं जायचं का. खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

"बोट तुमचं लागेल," एर्मेक म्हणाला. "माझा नियमच आहे. एकदा एकानं महिन्यानं जुनी किल्ली आणून माझ्या तोंडावर फेकली होती. तेव्हापासून हो मालकच दाबतो."

इमानालीनं हो दाबलं.

सोळा मिनिटं म्हणजे चहाचे दोन वाडगे. इमानालीनं स्वतःच चहा आणला, पाव आणला, साय आणली. वाडगा किती भरायचा याचा अंदाज त्याला अजून आला नव्हता, काठोकाठ भरून तो बोटांवर सांडला. घरात कुणी नाही का, असं एर्मेकनं विचारलं. नाही, असं इमानालीनं सांगितलं. एर्मेकची नजर भिंतीशी एकावर एक रचलेल्या चाळिसाव्याच्या पिठाच्या पोत्यांवर गेली, मग डाव्या बाजूच्या सीटवर, जिथं बायकी चष्मा पडला होता. त्यानं तळहात जोडून उघडले, तोंडावरून फिरवले आणि पुढं एकही विनोद केला नाही. दोघं लाल दिव्याकडे बघत बसले. दिवा विझला तेव्हा एर्मेकनं नवी किल्ली नोंदवली आणि गाडी पहिल्याच फिरकीला चालू झाली. इमानालीला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त थकवा आला.

व्हॅन वळणापलीकडे जाते न जाते तोच फाटक वाजलं. उलकान होती, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, पिठाचे हात. पळत आल्यामुळे तिला बोलता येईना. तिनं मूठ पुढं केली आणि उघडली.

"त्याच दिवशी सापडली होती, कुदा," ती म्हणाली. किर्गिझ विहीण व्याह्याला अशीच हाक मारते. "घरी जाऊन कोट झटकला आणि हाताला लागली. पण परत आणून दिली तर तुम्हाला वाटेल, हिला शारिपाचं देणं जड झालं. मुच्योतलं काही परत करायचं नसतं, माझी सासू सांगायची. म्हटलं, तुम्ही विचाराल. दर गुरुवारी वाटायचं, आज विचारतील."

"मला वाटायचं, तुम्ही आणाल," इमानाली म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

उलकान मटकन लाकडाच्या ओंडक्यावर बसली. "सदतीस दिवस मी घास गिळला नाही धड. आत्ता बाहेर डोकावले तेव्हा ती मेली व्हॅन दिसली आणि कणीक तशीच टाकून निघाले. नवी व्हायच्या आत पोचायचं होतं. झाली का हो?"

इमानालीनं तिच्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी शारिपाच्या डोक्यावर पाणी घातलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "त्याला जमलं नाही. शहरातले असलेच. गेला हात हलवत."

"बरं झालं बाई! लावून बघा पाहू. चालू झालेली बघू दे मला, म्हणजे जिवाला चैन पडेल."

आता आली पंचाईत. तो उजवीकडून आत बसला, ती डावीकडच्या काचेपाशी उभी राहिली. त्यानं शारिपाची किल्ली लावली. वेडी आशा म्हणतात ती अशीच असते. त्याला खरोखर वाटलं की अकरा वर्षांची ओळख कुणाच्या बोटानं पुसली जात नसेल. किल्ली लोण्यात सुरी जावी तशी आत गेली, फिरली, रेडिओसुद्धा बोलू लागला. इंजिन घरघरलं आणि बसलं. लाल दिवा लुकलुकू लागला.

"काय झालं?" उलकाननं विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

"गारठलीय," इमानाली म्हणाला. "इतके दिवस उभी आहे." स्टिअरिंगखाली वाकल्यासारखं करून त्यानं किल्ली बदलली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून असलं काम सफाईनं झालं. गाडी चालू झाली.

उलकाननं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. ती बराच वेळ हसत होती, मधेच रडत होती. छातीवरचा दगड उतरला म्हणाली. शनिवारी पहाटेच येते, बोर्सोक सगळे मीच तळणार, सुनांना हात लावू देणार नाही. मग शेगडीवर काहीतरी ठेवल्याचं आठवून ती आली तशीच लगबगीनं गेली. चाल हलकी झाली होती तिची. तिच्या डोक्यावरचं ओझं आता इमानालीकडे होतं आणि ते तिला कधी कळणार नव्हतं.

त्यानं गाडी बंद केली. पुन्हा शारिपाची किल्ली लावली, रेडिओ लागेल इतकीच फिरवली आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत बसला. रेडिओवर कुणी तरी मेंढ्यांचे भाव सांगत होतं.

"शारिपा, हो मीच दाबलं," तो म्हणाला. "उलकानचा दोष नाही. तिच्या दारापर्यंत जायचं होतं तेवढं. मला नाही जमलं, तुझ्याशिवाय मला असलं काही जमत नाही."

ऊन खाली उतरू लागलं होतं आणि घाट उजेडात ओलांडायचा होता. त्यानं नवी किल्ली लावून गाडी फाटकाबाहेर काढली. जुनी कुठं ठेवावी हे त्याला कळेना, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवली. पहिल्याच वळणावर ती घसरली. तेव्हा त्यानं डावा हात तिच्यावर ठेवला आणि बुबुसाराच्या दारापर्यंतचा सगळा घाट एका हातानं चालवला.