बिनखिडक्यांची गढी

लिंबाजींच्या गढीला बाहेरच्या अंगानं एकही खिडकी नव्हती. अणदूरच्या शिवारात, गावापासून लांब, भर रानात हे घर. जगदेवी लग्न होऊन आली तेव्हा तिला प्रश्नच पडला, आपल्याला नांदायला पाठवलंय की कोंडायला?

घर काही एकदम बांधलेलं नव्हतं. मूळपुरुषानं पेंढाऱ्यांच्या भीतीनं आधी नुसता बुरूज उभा केला. त्याच्या पोरानं दरोडेखोरांचा धसका घेतला आणि भोवती बैल आडवा मावेल एवढी रुंद भिंत घातली, खाली दगड, वर पांढरी माती. नातवानं त्या भिंतीत बंदुकीची नळी बसेल एवढी भोकं ठेवली. आणि निजामाचं राज्य जायच्या आधीच्या धामधुमीत जगदेवीच्या सासऱ्यांनी, लिंबाजींनी, होती नव्हती ती भोकंही बुजवली. जो तो भ्याला आणि भिंत वाढवत गेला. हवेचा विचार मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

भोगलं ते जगदेवीनं. तिचं पहिलं बाळंतपण पश्चिमेच्या खोलीत झालं. शेगडीच्या धुराला जायला वाट नव्हती, लेकरू घुसमटून गेलं. आता पुन्हा सातवा महिना लागला होता आणि त्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली तरी ती तिथूनच मागं फिरायची. तिनं नवऱ्याला, बलभीमला, सरळ सांगितलं, "भिंतीला खिडकी पाडा, न्हायतर मला माहेरी धाडा. ह्या खोलीत म्या दुसरं लेकरू घालवणार न्हाय."

बलभीमला पटलं. निजाम जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, सडकेनं एसटी धावत होती, आता भ्यायचं कुणाला? पण लिंबाजी ऐकूनच पांढरेफटक पडले.

"पायजे तर पूर्वेला पाड. हितं न्हाय."

"पूर्वेला गोठा हाय, आबा. वारं ह्याच अंगानं येतंय."

"हितं न्हाय म्हणलं ना."

कारण काही सांगेनात. म्हातारा भित्रा, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. त्या धामधुमीत हत्यारबंद लोकांनी त्याला धरून नेऊन आठवडाभर कोंडलं होतं. त्याच सुमारास सासूबाई, द्वारकाबाई, पटकीनं गेल्या. बलभीम तेव्हा सोलापूरला मामाकडं होता, त्याला आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून लिंबाजी लॉरी वाजली तरी दचकायचे. ही त्यातलीच भीती, असं धरून बलभीमनं मनावर घेतलं नाही. चुकलं त्याचं, पण त्याच्या जागी कुणाचं चुकलं नसतं?

एका सकाळी त्यानं भिंतीत पहार घातली. लिंबाजी दारात उभे होते. अडवत नव्हते, नुसते थरथरत होते. खिडकीला माणूस एवढा भितो?  आज राहू द्या, असं अगदी जगदेवीच्या ओठांवर आलं होतं. मग गेलेलं लेकरू आठवलं आणि ती गप्प राहिली.

गिलावा ढासळला. आत दगड लागायला हवा होता, लागल्या कच्च्या विटा, घाईघाईनं रचलेल्या. दोन-चार काढल्या आणि पहार आत मोकळीच गेली. भिंत पोकळ होती. कोंदट वास बाहेर आला. कंदील जगदेवीनंच पुढं धरला.

आत एक माणूस जेमतेम बसेल एवढी जागा. पाण्याची घागर होती, भाकरीची दुरडी होती. कोपऱ्यात हिरव्या लुगड्याचं गाठोडं दिसलं. ते गाठोडं नव्हतं. हाडांत बांगड्या होत्या.

बलभीमनं लुगडं ओळखलं. "आबा, आई पटकीनं गेली म्हणला होता तुम्ही."

लिंबाजी उंबऱ्यावरच बसले. "ते हत्यारबंद येणार अशी खबर लागली. म्या भिंत पोखरून तिला आत बसवली, वरनं लिंपून घेतलं. सांगितलं, कुणी कितीबी हाका मारू दे, माझा आवाज येईस्तवर हूं का चूं करायचं न्हाय. अन् मलाच नेलं धरून. मागनं कोतवाल येऊन हाका मारून गेला म्हणं, वैनी, वैनी करत. तिनं ओ दिली न्हाय. कच्च्या विटा हुत्या, लाथ मारली असती तर पडल्या असत्या. पर म्या सांगितलं हुतं ना."

"अन् तुम्ही आल्यावर, मामंजी?" जगदेवीनं विचारलं. "तवा का न्हाय उघडलं?"

"हाका मारल्या. आतनं काय आलं न्हाय. मग मला धीरच झाला न्हाय उघडायचा." त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून सुनेकडं बघितलं. "ओ द्यायचं बळ उरलं नसंल तिला. पर तवा जिती असंल का गं, पोरी?"