‘मरिंडा’च्या भट्टीत कोण राहते?

मित्रांनो, मी एक जुनी मालवाहू आगबोट आहे. माझे नाव ‘मरिंडा’. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, दोन पुरुष खोल गार पाण्यात, मी वाळूवर पडून असते.

पोर्ट अ‍ॅडलेडच्या कारागिरांनी मला घडवले. मी लोकर आणि सातू वाहून नेई. मी दिसले की धक्क्यावरचे लोक म्हणत, “मरिंडा आली, घड्याळं लावून घ्या!” पुढे एका सकाळी दाट धुक्यात मी खडकावर आपटले. माणसे वाचली. मला मात्र कोणी विचारले नाही. लोखंड गंजले, फळ्या कुजल्या. हळूहळू माझ्या बरगड्यांवर रंगीबेरंगी स्पंज वाढले आणि तोंडात नळी धरून पोहणारी माणसे मला पाहायला येऊ लागली.

त्यांतली डल्सी माझी फार लाडकी. तिचे वडील माझ्या भट्टीत कोळसा टाकत. त्यांची ती जागा तिला एकदा डोळ्यांनी पाहायची होती. पण भट्टीचे तोंड तळाशी आहे. बुडी मारल्याशिवाय ते दिसत नाही. तिच्या कानाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यानंतर बुडी कायमची बंद होती.

त्या दिवशी थंडीला भिऊन तिने नवा जाड रबरी पोशाख घातला. बुडायला मदत करणारा कमरेचा शिशाचा पट्टा मात्र जुन्या, पातळ पोशाखापुरत्याच वजनाचा; जाड रबर तिला वर उचलून धरी. तिला काही केल्या खाली जाता येईना.

“ताई, बुचासारखी तरंगतेस की!” तिचा धाकटा भाऊ नेव्हिल हसला. “ती वर आलेली बरगडी धर आणि ओढ स्वतःला खाली.”

डल्सीने हात पुढे केला. ती बरगडी बाहेरून धड दिसते, आतून तिचा पापड झाला आहे. पण तिने हात मागे घेतला.

“नको रे. मोडेल.”

“अगं, बाबांचीच तर बोट!”

“बाबांची कुठली? कंपनीची. आणि आता तिच्यात राहणाऱ्यांची.”

मग आपला जड पट्टा सोडून नेव्हिलने तिच्या कमरेला बांधला आणि तिचा हलका स्वतः घेतला. “आता मी बूच!” म्हणत तो पाण्यात तोंड घालून तिच्यावर नजर ठेवून राहिला.

डल्सी सरळ खाली उतरली. कशालाही हात न लावता तिने भट्टीत डोकावले. आत कोळंबीच्या जातीतली एक थोरली शेवंड मिशा परजत बसली होती.

“दिसली का बाबांची जागा?” ती वर येताच नेव्हिलने विचारले.

“दिसली. पण तिथे नवा गडी लागलाय. मिशा अगदी बाबांसारख्या!”

मित्रांनो, मला पाहायला जरूर या. आधाराची गरज पडली तर माझा घेऊ नका, सोबत्याचा घ्या.